गुडघ्याचं म्हणणं

माझा डावा गुडघा गेला तेव्हा आम्ही सामना जिंकत होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर जो तो गुडघ्याचीच चौकशी करतो, सामन्याचं कुणी नावही काढत नाही.

आमचं गाव खडकमाळ, फलटणपासून जवळच. गावाचं नाव बाहेर कुणाला माहीत असेल तर ते तुफान क्रीडा मंडळामुळे. आमचा मुलींचा खो-खोचा संघ म्हणजे आजूबाजूच्या तालुक्यांची डोकेदुखी, आणि त्याचं कारण होतं आमची उठण. पाठलाग करणाऱ्या संघाच्या मुली मैदानाच्या मध्यरेषेवर आपापल्या चौरसात उकिडव्या बसतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मागून पाठीवर थाप पडली, “खो” ऐकू आला, की बसलेलीनं उठून धावायचं. उठायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात समोरची निसटते. आमचे प्रशिक्षक अडसूळ सर स्वतः खेळत होते तेव्हाच त्यांनी यावर उपाय शोधला होता. डावा पाय मागे ठेवायचा, गुडघा जरासा आत वळवायचा आणि त्याच्यावर पीळ घेऊन गोफणीतल्या दगडासारखं सुटायचं. हीच ती तुफान उठण. मंडळात नवीन पोरगी आली की सर तिचं नाव नंतर विचारत, आधी उठण शिकवत.

त्या दिवशी पाठीवर थाप पडली, मी उठले, आणि गुडघ्यात आतून कट्ट झालं. पुढच्या क्षणी मी मातीत होते आणि सर मला उचलून गाडीकडे पळत होते. सर रडत होते. मी रडत नव्हते, कारण मला वाटत होतं उद्या सकाळपर्यंत बरं होईल. नववीत माणसाला अक्कल कमी असते ती अशी.

दोन हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध अर्धवट फाटला होता. ऑपरेशनची गरज नाही, पण व्यायाम करावा लागेल, आणि कंटाळा आला तरी करावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी तो केला. टीव्ही बघताना केला, पाठांतर करताना केला, आईचे टोमणे ऐकताना केला. शेवटी तपासणीत अस्थिबंध जुळलेला दिसला. डॉक्टर हसून म्हणाले, “जा, खेळ आता.”

पण तोपर्यंत मैदानावर डॉक्टरांच्या शब्दाला फारशी किंमत उरली नव्हती. नादपट्टी आली होती.

नादपट्टीमागचं विज्ञान तसं सरळ आहे. कुठलीही वस्तू तुटण्याआधी आतल्या आत बोलत असते. बांबू वाकवला तर मोडण्याआधी करकरतो. दोर फार ताणला तर त्याचा एकेक धागा तटतट तुटायला लागतो. मोठ्या पुलांच्या पोलादी तारांना कान लावून बसणारी यंत्रं पूर्वीपासून होती. कुणाच्या तरी डोक्यात आलं की हाच कान माणसाच्या सांध्याला लावून बघू. अस्थिबंधातले बारीक तंतू ताणून तुटतात तेव्हा इतका उंच आवाज निघतो की आपल्या कानाला तो कळतच नाही. पट्टीला कळतो. तालुक्याच्या क्रीडा केंद्रात जायचं, खुर्चीवर बसायचं, गुडघ्याला पट्टी बांधून एकदा उभं राहायचं. आवाज कमी असले तर हिरवा दिवा, मधलेअधले असले तर पिवळा, जास्त असले तर लाल. हिरवा नसेल तर अधिकृत सामन्यात पाऊल टाकायचं नाही. नियम चांगल्यासाठीच केला होता आणि कितीतरी खेळाडूंचे गुडघे त्यानं वाचवलेही होते.

मला लाल आला. पुढच्या वेळी गेले, पुन्हा लाल. त्यानंतरही लाल.

“डॉक्टर म्हणतात बरा झालाय,” मी केंद्रातल्या माणसाला सांगून पाहिलं.

“डॉक्टरांना वरून दिसतं, ताई. ह्याला आतलं ऐकू येतं,” तो पट्टी पुसत म्हणाला.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत बसली होती. आई ब्लाउज शिवते, आणि बोलायचं नसलं की तोंडात टाचणी धरल्यासारखे ओठ मिटून घेते. गावाचा फाटा आला तेव्हा म्हणाली, “बरं झालं. गुडघा जन्मभर लागतो. खो-खो काय, दहावीपर्यंतचा. सोड आता नाद.”

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग येत होता. सगळ्यात जास्त राग गौतमीचा. गौतमी कारंडे माझी पहिलीपासूनची मैत्रीण, आणि खांबाजवळच्या माझ्या चौरसात आता ती बसत होती. चांगली बसत होती, हेच तर दुःख. तिचा गुडघा दर वेळी हिरवा यायचा. मैदानाच्या कडेला मला पाहिलं की ती मान वळवायची आणि मीही मोबाइल बघितल्यासारखं करायचे.

आमच्या विज्ञानाच्या मुजावर मॅडमना माझं तोंड बघवेना. प्रयोगशाळेत त्यांनी एकदा मला थांबवून घेतलं.

“लाल का आला?” त्यांनी विचारलं.

“गुडघा खराब आहे म्हणून.”

“हे यंत्र म्हणालं. मी तुला विचारतेय.”

“मला काय माहीत, मॅडम?”

“मग शोध की. प्रदर्शनाला नववीतून कुणाचाच प्रकल्प आलेला नाही. ठिबक सिंचनाची मॉडेलं बघून बघून माझे डोळे दुखायला लागलेत. तुझ्याकडे अख्खा गुडघा आहे.”

मुजावर मॅडम मदत करतात त्या अशाच, जरासा चिमटा काढून. दहावीच्या मुलांनी आदल्या वर्षी वटवाघळांवर प्रकल्प केला होता, त्यासाठी आणलेलं यंत्र कपाटात पडून होतं. वटवाघळांचे अतिउंच आवाज टिपायचे आणि आपल्याला ऐकू येतील इतके खाली आणायचे, हे त्याचं काम. बिघडलेल्या बझरांमधून मी पातळ पितळी चकत्या काढल्या. थरथर लागली की त्या वीज तयार करतात. त्या गुडघ्याला बांधायच्या कशानं, हा प्रश्न आईनं सोडवला. खेळ सोड म्हणणारीच आई, पण माझं वेडंवाकडं शिवण तिला पाहवलं नाही. तिनं माझ्या हातातून कापड ओढून घेतलं आणि चकत्यांना खिसे असलेला छान इलॅस्टिकचा पट्टा शिवून दिला.

“हे शिवलं म्हंजी खेळायला परवानगी दिली असं समजू नको,” ती म्हणाली. नडगीला माझा मोबाइल बांधला की गुडघा किती वाकला तेही आवाजासोबत मॅडमच्या मोबाइलवर दिसत होतं. झालं माझं यंत्र तयार.

आता आवाज ऐका. पहिल्यांदा बसून उठले तेव्हा मॅडमच्या मोबाइलच्या पडद्यावर दिवाळी झाली. टक्, टकाटक्, टक्. म्हणजे केंद्रातलं यंत्र खरं बोलत होतं म्हणायचं. मॅडम मात्र शांत होत्या. “परत ऊठबस कर,” त्या म्हणाल्या. मी केली. पडदा जवळजवळ रिकामा. आणखी केली. शांत. थोडा वेळ बसून राहिले आणि मग उठले, तर पुन्हा दिवाळी. शेवटी मॅडमनी पट्टा उजव्या गुडघ्याला बांधायला लावला. माझा उजवा गुडघा आयुष्यात कधी दुखलेला नाही. तोही तसाच वाजला, अगदी डाव्यासारखा.

तो बुडबुडा होता. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. बराच वेळ बसून एकदम उठलं की आतला दाब घटतो, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं होतं, आणि टक् वाजतं. बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. आणि एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वायू परत विरघळायला वेळ लागतो, हे वर्गातल्या कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. तुटणाऱ्या तंतूचं तसं नसतं. त्याच्यावर जितक्या वेळा ताण द्याल तितक्या वेळा, गुडघा तेवढाच वाकलेला असताना, तो ओरडतो. माझे गुडघे जन्मतःच बडबडे. एसटीत बसून केंद्रात जायचे, तिथे खुर्चीवर बसायचे आणि उठताना बुडबुडे फोडायचे. यंत्र एकदाच ऐकायचं आणि लाल दिवा लावून मोकळं व्हायचं.

मी प्रयोगशाळेत नाचले. मुजावर मॅडम म्हणाल्या, “नाचून झालं असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी गुडघा आण. एका गुडघ्यावर विज्ञान उभं राहत नाही.”

मला हिरवा गुडघा हवा होता, आणि गावात सगळ्यात हिरवा गुडघा होता गौतमीचा. मी मान खाली घालून तिच्याकडे गेले. तिनं आढेवेढे घेतले, पण आली. खुर्चीवरून उठली, शांत. पुन्हा उठली, शांत. “बघ,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली ऐट मला बोचली.

“आता खाली बस. चौरसात बसतेस तशी. आणि उठणीनं ऊठ.”

ती बसली, गुडघा आत वळवला आणि सुटली. पडद्यावर एक रेघ उभी राहिली. पुन्हा उठवलं, पुन्हा रेघ, त्याच जागी. परत परत उठवलं. गुडघा खोल वाकून पीळ घेत होता नेमका त्याच क्षणी, न चुकता, तडतड. यात बुडबुडा नव्हता. हे तंतू होते.

खुर्चीवर गुडघा तितका वाकतच नाही आणि पीळही घेत नाही. नादपट्टी बनवणारी माणसं खुर्चीवर बसणारी असणार. त्यांच्या यंत्राला आमचं जमिनीवर बसणं ठाऊकच नव्हतं. म्हणून बऱ्या झालेल्या मला लाल आणि फाटायला आलेल्या गौतमीला हिरवा. आणि रविवारी जिल्ह्याचा अंतिम सामना होता.

खरं सांगते, गप्प बसावं असं मला क्षणभर वाटलं. मी हे बोलले तर गाव काय म्हणणार ते मला पाठ होतं. पण कट्ट झालेला तो आवाज मला अजून आठवत होता, आणि तो कुणालाच ऐकायला लागू नये असं मनापासून वाटत होतं. मग मी तिला सांगितलं.

गौतमी पांढरी पडली, मग लाल झाली. “माझी जागा पायजे तर सरळ सांग ना, जाई. एवढं यंत्र कशाला बांधायचं?”

“तुझा गुडघा जाईल, गौतमे!”

“सरकारी पट्टी हिरवी म्हणतीय. तुझ्या चिंध्यांचं काय ऐकू?” ती दार आपटून गेली.

अडसूळ सरांनी तर मला पुरतं बोलूही दिलं नाही. उठणीत दोष आहे एवढे शब्द कानावर पडताच त्यांनी हातातली शिट्टी गळ्यात टाकली. “ह्या उठणीवर मंडळ उभं हाय, जाये. गावाला तिनं शिल्डं दिली. तुझा पाय घसरला त्यात उठणीचा काय दोष? जा घरी.” मला मातीतून उचलताना रडलेले सर ते हेच. मी घरी जाऊन आईच्या मशीनजवळ बसून पोटभर रडले. आईनं मशीन थांबवली नाही, पण हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. गौतमीच्या गुडघ्याचं ते रेकॉर्डिंग तेवढं मी तिला पाठवून दिलं. सोबत एक अक्षरही लिहिलं नाही.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन शुक्रवारी होतं. ठिबक सिंचनाची मॉडेलं होतीच. पण सगळ्यात मोठी गर्दी होती क्रीडा विभागाच्या दालनात, कारण तिथे खुद्द नादपट्टी ठेवलेली होती आणि ती तयार करणाऱ्या चमूतले राजाध्यक्ष साहेब परीक्षक म्हणून आले होते. पोरं रांगा लावून गुडघे तपासून घेत होती. साहेब फिरत फिरत माझ्या टेबलापाशी आले, पट्टा उचलून पाहिला, आलेख बघितले. माणूस वाईट नव्हता. “छान केलंस. पण बाळा, आमच्या पट्टीच्या मागे हजारो गुडघ्यांची माहिती आहे,” ते म्हणाले.

“सर, त्यातले खाली बसणारे किती?” मी विचारलं.

त्यांना हसू आलं, मग त्यांनी आलेख पुन्हा हातात घेतले. मुजावर मॅडमनी पाठीमागून माझ्या कमरेत हळूच ढोसलं. मी म्हणाले, “मला तपासा ना. तुमच्याच पट्टीनं.”

मी सकाळपासून टेबलामागे बसूनच होते. नादपट्टीच्या खुर्चीवर बसले, उठले. लाल. गर्दीतून हळहळ उठली. “आता लगेच परत,” मी म्हणाले.

“एका माणसाची दिवसात एकदाच चाचणी होते. पट्टी दुसऱ्यांदा घेतच नाही.”

“का घेत नाही?”

हा प्रश्न राजाध्यक्ष साहेबांना आजवर कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नसावा. सगळं दालन त्यांच्याकडे बघत होतं. ते “नियम म्हणजे नियम” म्हणाले असते तर माझी गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांनी यंत्रावर आपला अंगठा टेकवला आणि कुलूप उघडलं. मी बसले, उठले. पिवळा. बसले, उठले.

हिरवा.

कुणीतरी शिट्टी मारली. साहेब मात्र वाकून आकडे बघत होते. “वायूचा बुडबुडा. अरे देवा, बुडबुडा!” ते स्वतःशीच पुटपुटले.

“अजून एक गुडघा हाय, सर.” हा आवाज गौतमीचा होता. ती दारात उभी होती आणि तिच्या मागे अख्खा तुफान संघ, आणि सगळ्यात मागे अडसूळ सर. गौतमी माझ्याकडे न बघता पुढे आली. रेकॉर्डिंग तिनं ऐकलं होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उठताना डाव्या गुडघ्यात टोचतं हे ती कित्येक दिवस लपवत होती. माझी जागा गेली तशी तिची जाईल, या भीतीनं. ती खुर्चीवर बसून उठली. हिरवा. मग तिनं खुर्ची बाजूला सारली, फरशीवर चौरसात बसावं तशी बसली आणि तुफान उठणीनं सुटली. लाल. पुन्हा, लाल. परत एकदा उठणार तोच सर गर्दीतून ओरडले, “बास! बास, पोरी.”

सर पुढे आले. त्यांनी खुर्ची ओढली, त्यात बसले, पँट वर सरकवली आणि आपला डावा गुडघा पुढे केला. “मला लावा ती पट्टी.”

सर उठले. लाल. दुसऱ्यांदा लाल, तिसऱ्यांदाही लाल, आणि मी शेजारी माझा साधा पट्टाही बांधला होता, त्यावरही तो आवाज ऐकू येत होता, जात्यात खडा सापडल्यासारखा. सर पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी पँट खाली घेतली.

“माझ्या बरोबरीचे सगळे डाव्या पायानं लंगडत्यात,” ते म्हणाले. त्यांचा आवाज दालनाला पुरेल एवढा होता, पण बोलत होते ते आमच्याशी. “झाडून सगळे. लग्नाकार्यात भेटलो की एकमेकांची चाल बघून हसायचो. तुफानचा गडी चालीवरनं वळखतो म्हणायचो. खेळाची निशाणी म्हणायचो गं आम्ही त्याला.” मग त्यांनी मला जवळ बोलावलं. “जाये, गुडघा न वळवता कसं उठायचं ते तुझ्या यंत्रानं सांगितलंय का?”

“नाही सर. ते आपल्याला शोधायला लागेल.”

“मग शोधू,” सर म्हणाले, आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी हुंदके देत रडले. गौतमीही रडली. मुजावर मॅडम चष्मा पुसत होत्या आणि प्रदर्शनात धूळ फार असते असं कुणाला तरी सांगत होत्या.

पहिला क्रमांक मिळाला. ठिबक सिंचनाचा दुसरा आला. पण मला बक्षिसापेक्षा पट्टीवरचा तो हिरवा मोठा होता, कारण तो खराखुरा, सरकारी नोंदीतला हिरवा होता. रविवारी मी मैदानात उतरले. गौतमीला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, अस्थिबंध ताणला गेला होता पण फाटला नव्हता. ती कडेला बसून इतकी ओरडत होती की पंचांनी तिला दोनदा दटावलं. आम्ही उठणीशिवाय खेळलो, म्हणजे आमची सगळ्यात मोठी ताकद घरी ठेवून खेळलो, आणि थोडक्यात हरलो. मैदानातून निघताना सर एकेकीला चालताना न्याहाळत होते, डावा पाय, उजवा पाय, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. आई पहिल्यांदाच सामना बघायला आली होती. घरी जाताना म्हणाली, “खो देताना तुझी वेणी मध्ये येतीय. अंबाडा बांधून देते पुढच्या वेळी.”

वर्ष पुरं व्हायच्या आत राज्यभरच्या केंद्रांमधली खुर्ची गेली. आता खेळाडूला त्याच्या खेळात बसतो तसं बसवतात, आणि पट्टी परत परत ऐकते. कबड्डीची, कुस्तीची पोरं माझे आलेख मागायला आमच्या शाळेला फोन करतात. तो फोन उचलायचं काम मुजावर मॅडमनी माझ्याकडेच दिलं आहे. आम्ही मात्र त्या वर्षभर मैदानावर पट्टे बांधून उठत होतो, बसत होतो आणि पडदा बघत होतो. पाय किती मागे ठेवायचा, कंबर कधी उचलायची, गुडघ्यावरचा पीळ मांडीवर कसा घ्यायचा. सर रोज काहीतरी नवीन सुचवायचे, आम्ही ऐकायचो आणि गुडघे खोडून काढायचे. एकदाची अशी उठण सापडली की पडदा कोराच राहिला, आणि वेळ मोजला तर जुन्या उठणीपेक्षा केसभर कमीच भरला. सरांनी शिट्टी वाजवायची सोडून टाळ्या वाजवल्या.

राज्य स्पर्धेचा अंतिम सामना. शेवटचा डाव, त्यांची शेवटची खेळाडू मैदानात आणि आमच्या हातात घड्याळातले थोडेसेच क्षण. मी खांबाजवळच्या माझ्या चौरसात बसले होते. ती पोरगी मला हुलकावणी देऊन माझ्या पुढ्यातूनच निसटायला बघत होती. मागून पावलं धावत आली, पाठीवर गौतमीची सणसणीत थाप पडली, “खो!”

आणि मी उठले.